समुद्राकडे पाठ

आई,

परवा तुझी नात मैत्रिणींबरोबर दोन दिवसांच्या सुट्टीला जायचं ठरवत होती. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रकाठचं एक लहान गाव त्यांनी निवडलं. जेवताना तिनं मला विचारलं, "तू गेलीयेस ना तिथं? काय काय करण्यासारखं आहे?" मी सांगितलं. कड्यावरून जाणारी पायवाट चालून या, पण वारा असला तर कडेला जाऊ नका. बंदरावर तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी कागदात बांधून देतात, भिंतीवर बसून गरम गरम खा. ओहोटीला खडकांवर सील येऊन पडलेले असतात, होडीवाला जवळ नेऊन दाखवतो. दीपगृहावर चढता येतं. ती फोनमध्ये टिपून घेत होती. "अजून?" म्हणाली. मी म्हटलं, एवढंच, गाव लहान आहे. नंतर भांडी विसळताना वाटलं, त्या गावातली खरी गोष्ट तर मी तिला सांगितलीच नाही. आणि ती सांगायची तर आधी तुझ्याशी बोलायला हवं.

तुला वाचता येत नव्हतं. मी पाठवलेली पत्रं आबांच्या हातात पडायची, आणि माझे हे चुलते म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस. ओट्यावर बसून ते वाचायचे तेव्हा जाणारे-येणारेही थांबून ऐकायचे. म्हणून मी तुला कधी काही लिहिलंच नाही. इथं थंडी आहे, काम ठीक आहे, तब्येत सांभाळ. सगळी पत्रं तेवढीच. हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून हात मोकळा आहे.

तू इथं आयर्लंडला आलीस तेव्हा तुझी ही नात काही महिन्यांची होती. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, हॉस्पिटलातून फोन यायला लागले होते, आणि तुझा जावई कारखान्यात पाळीवर. आबांनी तुला मुंबईला विमानात बसवून दिलं. मेंढरांमागं पायी तू पार नगरच्या शिवेपासून सोलापूरच्या शिवेपर्यंत हिंडलेली बाई, पण विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून आलीस, कारण कुणीतरी तुला बस म्हटलं आणि तू बसलीस. नऊवारी, वरून जावयाचं जाकीट, पदरावर लोकरीची टोपी. पहिल्या दिवशी तू पोरीला मांडीवर आडवी घेतलीस, तेलानं चोळलीस, आणि ती इतकी गाढ झोपली की मी दोनदा उठून तिचा श्वास बघितला. मला वाटलं, आता सगळं नीट होईल.

आणि मग मीच ती सुट्टी काढली. सलग चार दिवस मिळत होते. तुझा जावई म्हणाला, आईंना डोंगर दाखवू. मी म्हटलं, नाही, समुद्र. तू समुद्र कधी पाहिला नव्हतास. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी हे शेवटी पाणीच, हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्या धाकट्या भावाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तू त्याचं नाव काढत नव्हतीस, म्हणून मला वाटायचं की तू सावरलीस.

गाडीनं शेवटचा चढ ओलांडला आणि खाली निळं-राखाडी पाणी सगळीकडे पसरलेलं दिसलं. मी मागं वळून म्हटलं, "आई, बघ." तू बघितलंस. मग पोरीला छातीशी ओढलंस आणि तिच्या तोंडावर पदर टाकलास. ऊन नव्हतं, वाराही नव्हता. काचा बंद होत्या.

"मला उतरायचं न्हाई," तू म्हणालीस. "तुमी बघून या. मी हिला घिऊन बसते."

आम्ही उतरलो होतो ते एका बाईचं घर. वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. वयानं तुझ्याएवढीच, उंच, गुडघ्यांनी थकलेली. नाश्त्याची खोली म्हणजे तिच्या घराचं भूषण. भिंतभर खिडकी, आणि खिडकीभर समुद्र. पहिल्या सकाळी तू आत आलीस, खुर्ची उचललीस, फिरवलीस, आणि समुद्राकडे पाठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसलीस. तुझ्या जावयानं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून पावाला लोणी लावत राहिले. ती बाई चहा घेऊन आली. तिनं खुर्ची बघितली, तुझी पाठ बघितली, आणि चहा ओतला.

त्या दिवशी आम्ही दोघंच फिरलो. कड्यावरची वाट चाललो. वर हिरव्या उतारांवर मेंढरं चरत होती, पाठीवर निळ्या रंगाचे फराटे मारलेली, ज्याच्या त्याच्या कळपाची खूण. मला तुला दाखवायची होती ती. तुझा जावई म्हणाला, "त्यांना आणायला हवं होतं वर." मी म्हटलं, ती येणार नाही. का, ते त्याला माहीत होतं, पण जेवढं मला माहीत होतं तेवढंच.

मला काय माहीत होतं? मी तेव्हा पुण्यात नर्सिंगला होते. हॉस्टेलच्या ऑफिसात बोलावून सांगितलं. न्हावऱ्याला येईपर्यंत एसटीत कुणाशी बोलले नाही. भीमेच्या काठाला आपली वस्ती, पलीकडं दौंड तालुका. मोठा कळप तोवर विकला होता, शेती धरली होती, पण थोडी मेंढरं तू ठेवली होतीस. लोकर कातरायच्या आधी ती नदीत धुवायची. धाकटा ती घेऊन नदीच्या उताराला गेला. त्या उतारानं आपल्या चार पिढ्या मेंढरं पार करत होत्या. पण त्या वर्षी तिथं वाळूचा उपसा चालू होता, आणि पाण्याखाली खड्डे पडले होते, वरून काही दिसत नव्हतं. एक मेंढी खड्ड्यात गेली, तो तिच्यामागं गेला. मेंढी पोहून वर आली. तो दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला, पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपापाशी सापडला. एवढं मला माहीत होतं. आबांनी सांगितलं होतं. तू काही सांगितलं नव्हतंस. तू त्या दिवसानंतर उरलेली मेंढरं विकलीस आणि धुणं आडावर धुवायला लागलीस.

दुसऱ्या सकाळी नाश्त्याला उतरलो तर मोठ्या खोलीत टेबल मांडलेलंच नव्हतं. त्या बाईनं आम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथली खिडकी मागच्या परसात उघडत होती. कोंबड्या, कपड्यांची दोरी, बटाट्याचे वाफे. तू एकदम मोकळी बसलीस. तिनं घरी भाजलेला जाड पाव कापला, तू तो हातात घेऊन वास घेतलास आणि म्हणालीस, "भाकरीवानी हाय." मी ते इंग्रजीत सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मलाही त्या खोलीत बसवत नाही. पाहुण्यांना आवडते म्हणून ती खिडकी ठेवलीय." तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. एका हिवाळ्यात बोट गेली ती परत आली नाही. तो सापडलाही नाही.

मी तुला सांगितलं. तू पाव खाली ठेवलास.

"पोरं हायती का तिला?"

एक मुलगा होता. सुतारकाम करायचा, आणि गावातल्या लाइफबोटीवर होता. समुद्रात कुणी अडकलं की ही बोट जाते, आणि गावातलेच लोक तिच्यावर असतात, असं मी तुला समजावलं. तू त्या बाईकडे वळलीस.

"तिला इचार, नवरा असा गेल्यावर पोराला पाण्यात कशी जाऊ देती."

मला ते विचारायला नको वाटत होतं. पण तू माझ्याकडे असं बघत होतीस की मी शब्द न बदलता विचारलं. ती बाई ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी जा म्हणत नाही, आणि जाऊ नको असंही म्हणत नाही. तो गेला की चहाचं पाणी चढवते. आटलं की परत भरते. तो येईपर्यंत तेच करते." मी तुला सांगितलं. तू मान हलवलीस, जणू हे उत्तर तुला पटण्याचा किंवा न पटण्याचा प्रश्नच नव्हता.

बहुधा त्यामुळंच दुपारी तू बंदरापर्यंत यायला तयार झालीस. आत धक्क्यावर नाही, रस्त्यालगतच्या दगडी भिंतीपर्यंत. तिथं तू रस्त्याकडे तोंड करून बसलीस. गाड्या, माणसं, कुत्री बघत. तुझा जावई पोरीला बाबागाडीत घालून पलीकडे फिरवत होता. मी मासे घ्यायला दुकानाच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला होता. तेवढ्यात तुझी हाक ऐकू आली.

ती हाक मी लहानपणापासून ओळखते. रानात कळप फुटायला लागला की तू द्यायचीस तीच, पोटातून येणारी, लांब ओढलेली. मी रांग सोडून पळाले. भिंतीवर तू नव्हतीस. धक्क्यावरून पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार होता, त्याच्यावरून तू खाली चालली होतीस, कासोटा वर खोचलेला, एका पायातला बूट निघालेला. "अरं धरा त्याला. कुणीतरी धरा." आणि पाण्यात, बंदराच्या तोंडाशी, नारिंगी जाकिटातला एक माणूस पालथा तरंगत होता.

मी तुला गाठलं तेव्हा तू मांडीपर्यंत पाण्यात होतीस. ते पाणी इतकं गार होतं की माझा श्वास अडकला. मी तुझ्या दंडाला धरलं तर तू मला झटकलंस. माझ्या आयुष्यात तू मला असं कधी झटकलं नव्हतंस. समोरून लाइफबोट आली, दोघांनी वाकून त्या माणसाला वर ओढलं, आणि त्यातल्या एकानं आमच्याकडे बघून बोट वळवली. तो त्या बाईचा मुलगा होता. मी नंतर ओळखलं, डोळे तिचेच होते. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं त्या नारिंगी देहाला आमच्यासमोर सिमेंटवर ठेवलं.

कापडाचा होता, आई. आत काहीतरी जड भरलेलं, तोंडाच्या जागी नुसतं सपाट कापड. दर आठवड्याला ते सराव करायचे, आणि गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं.

"आई, बाहुला हाय," मी म्हटलं. "शिकायसाठी टाकत्यात पाण्यात. खरा न्हाई."

तो मुलगा माफी मागत होता. बोर्ड लावायला हवा होता, म्हणत होता. तुला ते कळत नव्हतं. तू ओल्या लुगड्यानं त्या उतारावर खाली बसलीस. बाहुल्याचा हात उचलून बघितलास, सोडलास, परत उचललास.

"माणसाएवढं वजन हाय," तू म्हणालीस.

आणि मग, त्या परक्या गावात, चार परकी माणसं भोवती उभी असताना, तू मला ते सांगितलंस. "म्याच धाडलं त्याला. त्यो म्हनला, आई, वाळूवाल्यांनी पानी ढवळलंय, उद्या जातो. म्या म्हनलं, गुडगाभर पानी हाय, तुज्या आज्यापासनं त्याच उतारानं जातोय आपुन, जा. गुडगाभर हाय म्हनलं म्या त्याला." तू रडत नव्हतीस. सांगून झाल्यावर तू तुझ्या ओल्या पायांकडे बघत बसलीस. मी तुझ्या शेजारी बसले. तुझी चूक नाही, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते वाक्य मी वॉर्डात इतक्या लोकांना इतक्या वेळा म्हटलेलं होतं की ते तुझ्यापुढं काढायची लाज वाटली. मी फक्त तुझा निघालेला बूट शोधून आणला.

त्या मुलानं आपलं जाकीट काढून तुझ्या खांद्यांवर टाकलं. तू त्याच्याकडे निरखून बघितलंस.

"यांची नोकरी हाय का ही?"

"न्हाई. त्यो सुतार हाय. त्यो पलीकडचा शाळंत शिकवतो. हाक आली की जात्यात."

"त्या दिशी आपल्या उताराला वाळूचे ट्रक हुते," तू म्हणालीस. "मानसं बी लई हुती. पवनारी हुती. पर दोरी न्हवती. एक दोरी न्हवती कुनाकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. गाडीत सामान भरत असताना तू म्हणालीस, मला परत तिथं ने. ह्या वेळी तू भिंतीपाशी थांबली नाहीस. तो मुलगा लाइफबोटीपाशीच होता, त्यानं तुला दोरी फेकायला शिकवलं. एक पिवळी पिशवी, तिच्यात तरंगणारी दोरी भरलेली. एक टोक हातात धरायचं आणि पिशवी माणसाच्या पलीकडे फेकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावरून पडते आणि त्याला धरता येते. तो हातवाऱ्यांनी सांगत होता, मी मराठीत सांगत होते, आणि थोड्या वेळानं तू माझं ऐकेनाशी झालीस, त्याच्या हातांकडेच बघायला लागलीस. पहिल्यांदा पिशवी तुझ्या पायाशी पडली. मग थोडी पुढं. मग तू पदर कमरेला खोचलास आणि गोफण फिरवावी तशी फिरवून फेकलीस, आणि ती पार पलीकडच्या तरंगत्या बोयाला जाऊन लागली. त्याची आई वर रस्त्यावर उभी होती. तिनं टाळी वगैरे वाजवली नाही, पण ती तिथं शेवटपर्यंत उभी होती. निघताना त्या मुलानं ती पिशवी तुला दिली. तू ती नको म्हणाली नाहीस. गाडीत ती तुझ्या मांडीवर होती, आणि समुद्र डाव्या हाताला बराच वेळ दिसत राहिला, आणि तू त्याच्याकडे बघत होतीस.

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. आबा सांगायचे, थोडं हसत, थोडं काळजीनं. तू परत गेल्यावर पहिलं काम केलंस ते म्हणजे उतारावरच्या बाभळीला ती पिवळी पिशवी टांगलीस. थोड्याच दिवसांत ती गेली. तू वस्त्या पालथ्या घातल्यास, एका गोठ्यात त्या दोरीनं वासरू बांधलेलं सापडलं. तू वासरू सोडलंस, दोरी घेऊन आलीस. शिक्रापूरला हायवेवर पंक्चरवाल्याकडनं ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्यास, हवा भरून त्या झाडाला बांधल्यास. जिथं जिथं खड्डे तिथं बांबू रोवून लाल फडकी लावलीस. वाळूवाल्यांची माणसं बांबू उपटायची, तू परत रोवायचीस. सरपंच म्हणाले, मावशी, बघू ग्रामपंचायतीत. तू बघायला थांबली नाहीस. दोन शेळ्या घेऊन उताराला जाऊन बसायचीस, आणि धुण्याला आलेल्या बायांना, डुंबायला आलेल्या पोरांना दोरी फेकायला लावायचीस. जो चुकेल त्याला परत. "तुजी आई येडी झालीय असं लोक म्हनत्यात," आबा म्हणाले. मी विचारलं, तुम्ही काय म्हणता? "म्या ट्यूबात हवा भरून आनतो," म्हणाले.

आणि मग एकदा तू स्वतः फोन घेतलास. तुला फोनवर बोलायला आवडायचं नाही, मोठ्यानं बोलायला लागतं म्हणून. तू म्हणालीस, "एक पोर पान्यातनं निगाली. ऊसतोडीवाल्यांची. आईनं फेकली दोरी, म्या शिकवलेली." मी विचारलं, बरी आहे ना? "वर आल्यावर लई रडली," तू म्हणालीस. "रडू दिली." एवढं बोलून फोन आबांकडे दिलास.

सगळेच निघाले नाहीत. पुढच्या वर्षी एक दारू प्यालेला माणूस तुझ्या बांबूला धरूनच आत गेला, आणि दोरी फेकली तरी त्याला ती धरता आली नाही. तेव्हा तू जेवली नाहीस, असं कळलं. तिसऱ्या दिवशी परत उताराला गेलीस.

तुझं हृदय थकलं तेव्हा मी आले होते. वेळेत आले, तेवढं सुख मला मिळालं. तुझे सुजलेले पाय मी माझ्या हातांनी दाबले. तू फार बोलत नव्हतीस. एकदा फक्त विचारलंस, त्या बाईचा पोरगा बरा आहे का. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरा आहे. तू डोळे मिटलेस. नंतर मी त्या बाईला फोन केला, तेव्हा खरंच बरा होता.

मी आता दर दोन वर्षांनी येते. आपल्या वस्तीच्या वरच्या अंगाला भीमेवर पूल झालाय, दौंडला रेल्वेनं उतरलं की गाडी त्याच्यावरूनच येते. आबा सांगतात, उताराला ट्यूबा अजून असतात, जुन्या झाल्या की कोण बदलतं ते त्यांनाही माहीत नाही. गाडीवाल्यालाही ठाऊक आहे. तो मान वळवून म्हणतो, ताई, ती बघा तिथं खाली, तुमच्या आईची बाभळ. मी हो म्हणते. पण आई, मी अजून एकदाही तिकडं बघितलेलं नाही. पूल आला की मी पर्स उघडते आणि पलीकडे जाईपर्यंत आत काहीतरी शोधत राहते. काही हरवलेलं नसतं.